ब्रिटनमध्ये दुकानाची वीज कंपनी बदलायची आहे? पहिल्या दिवसापासून शेवटच्या बिलापर्यंत

सांगलीला आमच्या घरचं किराणा दुकान होतं. वीज म्हणजे महावितरण. दर आयोगाने ठरवलेला, बिल आलं की भरायचं, विषय संपला. मुंबईच्या उपनगरांत राहिलेल्यांना टाटा की अदानी हा प्रश्न ओळखीचा असेल, पण बाकी महाराष्ट्रात लहान दुकानदाराला वीज कोणाकडून घ्यायची याचा विचार करावाच लागत नाही. २०१९ साली पश्चिम लंडनमध्ये, हाउन्स्लोला, पोळी-भाजी आणि फराळाचं दुकान घेतलं तेव्हा मी हीच सवय घेऊन आले होते. दिवे लागतायत, फ्रीज चालू आहेत, बिल येईल तेव्हा भरू. पहिल्या तीन महिन्यांत ही समजूत महागात पडली आणि चौथ्या महिन्यात फोनवर दिलेल्या एका होकाराने पुढची तीन वर्षं बांधली गेली. त्यानंतर ओळखीतल्या बऱ्याच मराठी दुकानदारांची बिलं मी त्यांच्यासोबत बसून पाहिली. चुका त्याच, माणसं वेगळी. म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

हे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्सपुरतं आहे. उत्तर आयर्लंडचा वीजबाजार आणि नियामक दोन्ही वेगळे आहेत.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा

पहिली गोष्ट दिलासा देणारी आहे. कंपनी बदलली म्हणून रस्ता खणला जात नाही, वीज जात नाही, बहुतेक वेळा मीटरही तेच राहतं. तारा आणि खांब सांभाळणारी कंपनी तुमच्या भागापुरती एकच असते आणि ती तुम्हाला निवडता येत नाही. तिला नेटवर्क ऑपरेटर म्हणतात. वीज गेली तर १०५ नंबर फिरवायचा, तो फोन तिच्याकडे जातो. तुम्ही बदलता ती फक्त वीज विकणारी आणि बिल पाठवणारी कंपनी, म्हणजे सप्लायर. हा बाजार १९९० मध्ये मोठ्या कारखान्यांसाठी खुला झाला, १९९४ मध्ये मध्यम ग्राहकांसाठी आणि १९९९ पर्यंत घरांसह सगळ्यांसाठी.

दुसरी गोष्ट सावध करणारी. तुम्ही इथे आधी भाड्याच्या घरात राहिला असाल तर घरगुती विजेचे दोन नियम अंगवळणी पडलेले असतात: नियामक ऑफजेमने घातलेली दराची कमाल मर्यादा, आणि करार केल्यावर १४ दिवसांत विनाशुल्क मागे फिरण्याची मुभा. दुकानाला यातलं काहीही नाही. दराला मर्यादा नाही आणि एकदा हो म्हटलं की माघार नाही. पुढची प्रत्येक पायरी वाचताना हे लक्षात असू द्या.

१. किल्ली हातात पडेल त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा

आमचं मीटर तळघराच्या जिन्याखाली होतं. लाकडी कपाट, पुढे आधीच्या भाडेकरूने ठेवलेले रंगाचे डबे. आठवडाभर मी ते उघडूनही पाहिलं नाही. पुढे सप्लायरने माझ्या सुरुवातीचं रीडिंग अंदाजाने धरलं आणि आधीच्या माणसाने वापरलेली काही युनिटं माझ्या बिलात आली. फोटो असता तर एका ईमेलमध्ये काम झालं असतं. नव्हता, म्हणून दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला.

म्हणून टॉर्च घेऊन जा. फोटोत आकडे आणि मीटरचा सीरियल नंबर दोन्ही दिसले पाहिजेत. डिजिटल मीटरचा पडदा काही सेकंदांनी बदलत राहतो: तारीख, एकूण युनिटं, मग पहिला दर, दुसरा दर. दिवस आणि रात्र असे वेगळे आकडे येत असतील तर दोन्हींचे फोटो घ्या. ते लगेच स्वतःला आणि घरमालकाला ईमेल करा, म्हणजे तारखेचा पुरावा तयार होतो.

तिथेच आणखी एक तपासणी उरकून घ्या. दुकानाचा मेन स्विच बंद करा आणि मीटर थांबतंय का बघा. वर फ्लॅट असलेल्या जुन्या इमारतींत दुकानाचं आणि फ्लॅटचं मीटर उलटसुलट नोंदलेलं सापडतं. स्विच बंद करूनही मीटर चालूच राहिलं, तर दुसऱ्या कोणाची तरी वीज त्यावर चालली आहे.

त्याच दिवशी घरमालकाला स्पष्ट विचारा, वीजपुरवठा कोणाच्या नावावर आहे? काही मॉल, मार्केट हॉल आणि औद्योगिक वसाहतींत मालक स्वतः वीज घेतो आणि सब-मीटर लावून भाडेकरूंना वाटतो. तुमचं तसं असेल तर सप्लायर तुम्हाला बदलता येणार नाही, बोलणी मालकाशीच करावी लागतील. हे लीजवर सही करण्याआधी कळलं तर उत्तम.

२. आत्ताचा सप्लायर कोण, ते शोधा

आधीच्या भाडेकरूचं एखादं जुनं बिल मिळालं तर काम सोपं होतं. बिलावर मोठं ‘एस’ अक्षर असलेली एक चौकट असते आणि त्यात दोन ओळींत आकडे असतात. खालच्या ओळीतले १३ अंक म्हणजे तुमचा एमपॅन, तुमच्या वीजजोडणीची कायमची ओळख. कंपन्या कितीही बदलल्या तरी तो बदलत नाही. पहिले दोन अंक भाग दाखवतात: आमच्याकडे २०, मध्य लंडनला १२, लेस्टरकडे ११. वरच्या ओळीचे पहिले दोन अंक पाहा. तिथे ०३ किंवा ०४ असेल तर साधं छोट्या व्यवसायाचं मीटर. ०० असेल तर दर अर्ध्या तासाला वापर नोंदणारं मीटर. अशा मोठ्या जोडणीवर युनिटांखेरीज क्षमतेचा आकारही लागू होतो आणि दर मागवताना तो विसरून चालत नाही.

एमपॅन मीटरवर लिहिलेला नसतो. मीटरवर असतो तो सीरियल नंबर. बरेच जण तोच एमपॅन म्हणून पाठवतात आणि आठ दिवस फुकट जातात.

बिल मिळालंच नाही तर तुमच्या भागाच्या नेटवर्क ऑपरेटरला फोन करा. पत्ता आणि पोस्टकोड सांगितला की एमपॅन आणि सप्लायरचं नाव दोन्ही कळतं. एकाच पत्त्यावर दोन-तीन एमपॅन निघाले तर फोटोतला सीरियल नंबर त्यांना वाचून दाखवा.

३. त्या सप्लायरला ताबडतोब कळवा

माझे सगळ्यात जास्त पैसे इथेच गेले, म्हणून जरा सविस्तर सांगते.

तुम्ही जागा ताब्यात घेतली आणि वीज चालू आहे, म्हणजे कोणत्याही कागदावर सही न करता तुमचा आणि त्या जागेच्या सप्लायरचा करार झाला असं कायदा मानतो. याला डीम्ड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात, आपल्या भाषेत गृहीत धरलेला करार. याचा दर ठरावीक मुदतीच्या करारापेक्षा सहसा बराच चढा असतो. दुकान उघडायला अजून दोन महिने आहेत, रंगकाम चाललं आहे, गिऱ्हाईक नाही, तरीही ताबा मिळाल्याच्या तारखेपासून हा दर आणि रोजचा स्टँडिंग चार्ज (वापर नसला तरी लागणारा ठरावीक आकार) तुमच्या नावावर चढत असतो.

आमच्या दाराखाली ‘द ऑक्युपायर’ (जागेचा ताबा असलेली व्यक्ती) असं लिहिलेली पाकिटं येत होती. आधीच्या माणसाची टपाल असेल असं समजून मी ती ड्रॉवरमध्ये टाकत गेले. ‘ऑक्युपायर’ म्हणजे आता मीच, हे कोणी सांगितलं नव्हतं. तिसऱ्या महिन्यात वसुलीची भाषा असलेलं पत्र आलं तेव्हा सगळी पाकिटं फोडली. पहिल्याच पत्रात स्वच्छ लिहिलं होतं, आम्ही तुमचे सप्लायर आहोत, संपर्क करा. तोवर तीन महिने चढ्या दराने गेले होते.

या कराराची चांगली बाजू अशी की त्यातून कधीही बाहेर पडता येतं. नोटीस लागत नाही, दंड लागत नाही. कोणी म्हणालं, डीम्डमधून निघायला ३० दिवस लागतील किंवा फी लागेल, तर ते चूक आहे.

सप्लायरकडे ‘चेंज ऑफ टेनन्सी’ची, म्हणजे भाडेकरू बदलल्याची, नोंद करायला सांगा. ताब्याची तारीख आणि सुरुवातीचं रीडिंग द्या, लीजच्या पहिल्या आणि सहीच्या पानाची प्रत पाठवा. आधीच्या भाडेकरूची थकबाकी तुमची नाही. ती मागितली गेली तर वाद घालत बसू नका. लीज पाठवा आणि लेखी उत्तर मागा.

आणखी एक फरक फार कमी लोकांना माहीत असतो. तुम्ही चालू धंदा विकत घेताना फक्त जागा आणि सामान घेतलं, तर जुना वीजकरार तुमच्याकडे येत नाही. पण ती लिमिटेड कंपनीच शेअर्ससह घेतली, तर कंपनीने केलेला प्रत्येक करार तिच्यासोबत येतो. वीजेचा पाच वर्षांचा महागडा करारही येतो. व्यवहार करण्याआधी तो कागद मागून घ्या. आमच्या ओळखीच्या एकांनी चालतं रेस्टॉरंट असंच घेतलं, आणि पुढची तीन वर्षं आधीच्या मालकाने ठरवलेला दर भरला.

काही ब्रोकर, म्हणजे वीजकरार जुळवून देणारे दलाल, महाग करारातून सुटायला खोटा भाडेकरूबदल दाखवायचा सल्ला देतात. त्या वाटेला जाऊ नका. सप्लायर लीज आणि कंपनीची नोंद तपासतात आणि ती फसवणूक ठरते.

४. तुमचा करार आत्ता कोणत्या अवस्थेत आहे?

दर बघण्याआधी तारखा बघा. नुकतेच आला असाल आणि डीम्डवर असाल तर आजच बदलू शकता. ठरावीक मुदतीच्या करारात असाल तर मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं, मध्येच सोडलं तर जबर दंड बसू शकतो. मुदत उलटून गेली आणि तुम्ही काहीच केलं नाही, तर करारात लिहिलं असेल त्याप्रमाणे एकतर चढ्या दरावर टाकलं जातं किंवा करार आपोआप पुढे सरकतो.

इथे ‘मायक्रोबिझनेस’ हा शब्द तुमच्या कामाचा आहे. पुढीलपैकी एकही अट पूर्ण होत असेल तर तुम्ही त्यात बसता: वर्षाला १,००,००० युनिटांपर्यंत वीज; किंवा २,९३,००० युनिटांपर्यंत गॅस; किंवा १० पेक्षा कमी कामगार आणि उलाढाल अथवा ताळेबंद २० लाख युरोंच्या आत. आपली बहुतेक दुकानं, खाणावळी, अकाउंटंटची ऑफिसं यात सहज बसतात. मग आपोआप पुढे सरकलेला करार १२ महिन्यांपेक्षा जास्त बांधू शकत नाही, मुदत संपण्याच्या साधारण ६० दिवस आधी सप्लायरने पुढच्या अटी कळवायच्या असतात, आणि ऑक्टोबर २०२२ पासून बदलण्यासाठी आगाऊ नोटीस देण्याची सक्ती करता येत नाही. सप्लायर आपणहून तुम्हाला यात धरेलच असं नाही, म्हणून ईमेलमध्ये एक वाक्य लिहाच: आम्ही मायक्रोबिझनेस आहोत.

तारखेचं महत्त्व २०२२ मध्ये सगळ्यांना कळलं. फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर हल्ला केला, आधीच चढलेला गॅसचा भाव आणखी भडकला आणि त्यामागोमाग वीज. घरांना मर्यादेचं छत्र होतं, दुकानांना नव्हतं. ऑक्टोबर २०२२ पासून सहा महिने सरकारने व्यवसायांना सवलत दिली, पण त्या उन्हाळ्यात ज्यांचे करार संपले त्यांना कित्येक पट दर ऐकावे लागले. शेजारच्याच दुकानाचा करार वर्षभर पुढे होता, त्यांना झळही बसली नाही. पुढचा दर करार संपण्याच्या काही महिने आधीच ठरवून ठेवता येतो, बरेच सप्लायर सहा महिने ते वर्षभर आधी भाव देतात. त्यामुळे नवं कालनिर्णय भिंतीवर लागलं की आम्ही त्यावर दोन तारखा लाल पेनने लिहितो: करार संपण्याची, आणि तिच्या सहा महिने आधीची.

५. हे कागद एका फोल्डरमध्ये ठेवा

- अलीकडचं वीजबिल, एमपॅनची चौकट दिसेल असं
- १२ महिन्यांची बिलं किंवा वर्षभराच्या वापराचा आकडा
- मीटरचे फोटो, तारखेसह
- लीजची प्रत
- कंपनीचा नोंदणी क्रमांक. एकल मालकी असेल तर तुमचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि घरचा पत्ता
- व्यवसायाच्या बँक खात्याचा तपशील, डायरेक्ट डेबिटसाठी (खात्यातून बिलाचे पैसे आपोआप वळते होण्यासाठी)
- असेल तर व्हॅट क्रमांक
- चालू करार आणि तो संपण्याची तारीख लिहिलेलं पत्र

६. वापर मोजा

बिलावर प्रत्येक रीडिंगपुढे ते खरं की अंदाजे, हे लिहिलेलं असतं. अंदाजाच्या बिलांवरून वर्षाचा वापर काढलात तर भाव चुकीच्या आकड्यावर येतो. दुकान नवं असेल आणि बिलंच नसतील तर महिनाभर दर सोमवारी दुकान उघडताना रीडिंग लिहा. आमच्याकडे दोन उभे फ्रीज, एक डीप फ्रीजर आणि विजेवरचा मोठा तवा आहे. दुकान बंद असलेल्या रविवारीही मीटर किती पळतं ते पाहिल्यावर कळलं की निम्म्याच्या आसपास वापर फ्रीजचाच आहे. फ्रीज असलेल्या दुकानाचा वापर रात्री थांबत नाही. त्यामुळे दिवस-रात्र वेगळ्या दराचा करार अशा दुकानाला परवडूही शकतो. शिवणकामाच्या दुकानाला किंवा ऑफिसला तो बहुधा परवडत नाही.

७. दर मागवा आणि वर्षाच्या एकूण खर्चावर तुलना करा

किमान तीन सप्लायरांकडून थेट भाव घ्या, ब्रोकर वापरणार असाल तरीही. बिल दोन भागांचं असतं: दर युनिटाचे पेन्स, आणि रोजचा स्टँडिंग चार्ज, जो दुकान बंद असलं तरी लागतो. जाहिरात नेहमी युनिटाच्या दराची होते. उदाहरणासाठी दोन भाव घेऊ. पहिला २५ पेन्स युनिट आणि रोज १ पौंड. दुसरा २७ पेन्स युनिट आणि रोज ४० पेन्स.

वर्षाला ८,००० युनिटं वापरणाऱ्या छोट्या ऑफिसला पहिला पडतो २,३६५ पौंडांना आणि दुसरा २,३०६ ला. म्हणजे युनिट महाग असूनही दुसरा स्वस्त. २५,००० युनिटं वापरणाऱ्या आमच्यासारख्या दुकानाला पहिला ६,६१५ आणि दुसरा ६,८९६, इथे पहिला स्वस्त. म्हणून शेजाऱ्याला जो करार लाभला तो तुम्हाला लाभेलच असं नाही. कागदावर हा गुणाकार करा, पाच मिनिटं लागतात.

भाव हातात आला की पुढचे प्रश्न लेखी विचारा. दर पूर्ण बांधलेला आहे की ‘पास-थ्रू’? पास-थ्रू म्हणजे तारांच्या वाहतुकीचे आणि इतर आकार वाढले तर ते तुमच्यावर येणार. पहिल्या करारासाठी पूर्ण बांधलेलाच घ्या. अंदाजापेक्षा वापर खूप कमी-जास्त झाला तर दंड आहे का? डायरेक्ट डेबिट नसेल तर दर वेगळा आहे का? भावात व्हॅट आणि क्लायमेट चेंज लेव्ही (व्यवसायांच्या वीजवापरावरचा सरकारी कर) धरली आहे का? बहुतेकदा धरलेली नसते.

इथे नव्याने आलेल्यांची एक खास अडचण असते. सप्लायर कंपनीची पत तपासतात. तुमची कंपनी दोन महिन्यांची असेल तर आर्थिक व्यवहारांचा इतिहासच नसतो, मग काही सप्लायर नकार देतात आणि काही अनामत रक्कम मागतात. हा नकार मनाला लावून घेऊ नका, दुसरीकडे विचारा. अनामत द्यावी लागलीच तर ती किती महिन्यांनी आणि कोणत्या अटीवर परत मिळेल ते लेखी घ्या. अशा वेळी एक वर्षाचा करार बरा. वर्षभर वेळेवर बिलं भरली की पुढच्या खेपेला जास्त सप्लायर दार उघडतात.

८. ब्रोकर आणि फोन

दुकानाचा नंबर गूगलवर दिसू लागला की फोन सुरू होतात. मला आलेला फोन असा होता. दुपारी साडेबारा, काउंटरवर रांग, तव्यावर पोळी. पलीकडचा माणूस म्हणाला, तुमच्या मीटरबद्दल बोलतोय, तुम्ही फार महाग दरावर आहात, आजच कमी करून देतो. खरंच महाग दरावर होते, त्यामुळे विश्वास बसला. त्याने भराभर काहीतरी वाचून दाखवलं आणि मध्ये मध्ये विचारत गेला: तुम्हीच मालक ना? करार करायचा अधिकार तुम्हाला आहे ना? हे मान्य आहे ना? मी हो, हो, हो म्हणत गेले. कॉल ध्वनिमुद्रित होत होता आणि तो तीन होकारांचा तुकडा म्हणजेच माझा तीन वर्षांचा करार होता. सही नाही, कागद नाही. इथे व्यवसायाचा तोंडी करार पूर्णपणे बंधनकारक असतो.

ब्रोकरची दलाली बहुधा वेगळी आकारली जात नाही, ती युनिटाच्या दरातच मिसळलेली असते. माझ्या दरात दर युनिटामागे २ पेन्स दलाली होती, हे सप्लायरला लेखी विचारल्यावर खूप उशिरा कळलं. २५,००० युनिटांना वर्षाचे ५०० पौंड, तीन वर्षांचे १,५००. तेव्हा ही रक्कम सांगण्याचं बंधन नव्हतं. आता आहे: मायक्रोबिझनेसच्या करारात ऑक्टोबर २०२२ पासून आणि सगळ्या व्यवसायांच्या करारात ऑक्टोबर २०२४ पासून दलालीची रक्कम दाखवावी लागते. ती मागा आणि एकूण पौंडांत मागा. पेन्सचा आकडा नेहमीच लहान वाटतो.

चांगले ब्रोकरही आहेत. ज्यांच्या तीन-चार जागा आहेत, किंवा अर्ध्या तासाचं मीटर आहे, त्यांना जाणकार ब्रोकरने खरोखर पैसे वाचवून दिल्याचं मी पाहिलं आहे. फक्त पुढच्या गोष्टी पाळा.

फोनवर कशालाही हो म्हणू नका. ‘सगळं ईमेलवर पाठवा, वाचून कळवते’ एवढंच म्हणा. यावर जो चिडतो किंवा ‘हा दर फक्त आजचा’ म्हणतो, त्याचा फोन ठेवून द्या.

‘ऑफजेमकडून बोलतोय’ किंवा ‘तुमच्या नेटवर्ककडून बोलतोय’ म्हणून कोणी दर विकू लागला तर तो खोटं बोलतो आहे. ऑफजेम नियामक आहे, वीज विकत नाही.

ब्रोकर ‘लेटर ऑफ अथॉरिटी’वर सही मागेल. त्याचे दोन प्रकार असतात. एकाने त्याला फक्त तुमची माहिती मागवता येते. दुसऱ्याने तो तुमच्या वतीने करारच करू शकतो. शब्द नीट वाचा, पहिल्याच प्रकारावर सही करा आणि त्यावर शेवटची तारीख घाला. दुकानात मदतीला असलेल्या भाच्याला, पुतण्याला, पार्टटाइम मुलीलाही सांगून ठेवा की विजेच्या फोनवर काही कबूल करायचं नाही.

ब्रोकर लवादयोजनेचा सदस्य आहे का, तेही विचारा. लहान व्यवसायांसाठी काम करणाऱ्या ब्रोकरला ते बंधनकारक आहे आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर तेच कामाला येतं.

९. सही केल्यावर

कराराच्या मुख्य अटींच्या पानावर पाच गोष्टी जुळवून बघा: एमपॅन, युनिट दर, स्टँडिंग चार्ज, सुरू आणि संपण्याची तारीख, दलाली. जुन्या सप्लायरला कळवण्याचं काम नवा सप्लायर करतो. प्रत्यक्ष बदल साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत होतो, किंवा करारात ठरलेल्या तारखेला.

जुना सप्लायर हरकत घेऊ शकतो. कारणं बहुधा दोनच: थकबाकी, किंवा जुना करार अजून संपलेला नाही. हरकतीचं पत्र आलं की त्याच दिवशी कारण विचारा. शंभर-दोनशे पौंडांची थकबाकी राहिली म्हणून बदल अडतो आणि दुकान आणखी महिनाभर चढ्या दरावर राहतं, हे मी दोनदा पाहिलं आहे. रक्कम वादातली असली तरी बदल अडू न देता नंतर भांडता येतं का, याचा हिशेब करा.

१०. बदलाचा दिवस, शेवटचं बिल, पहिलं बिल

त्या दिवशी पुन्हा मीटरचा फोटो काढा आणि तेच रीडिंग दोन्ही सप्लायरांना द्या. स्मार्ट मीटर असलं तरी फोटो काढाच. जुन्याचं शेवटचं रीडिंग आणि नव्याचं पहिलं रीडिंग एकच असलं पाहिजे. त्यात फरक पडला तर तेवढ्या युनिटांचे पैसे तुम्ही दोनदा भरता. शेवटचं बिल साधारण सहा आठवड्यांत येतं. ते येऊन मिटेपर्यंत जुनं डायरेक्ट डेबिट बंद करू नका. अनामत दिली असेल तर ती आत्ताच मागा.

नव्या सप्लायरच्या पहिल्या बिलात व्हॅट पाहा. व्यवसायाला तो २० टक्के असतो, पण वापर दिवसाला सरासरी ३३ युनिटांपेक्षा कमी असेल तर ५ टक्केच लागतो आणि क्लायमेट चेंज लेव्ही माफ होते. फ्रीज असलेलं दुकान त्यात बसणं कठीण, पण लहान ऑफिस, शिवणकाम, ब्युटी पार्लर बसू शकतं. दुकान आणि वरची राहती जागा एकाच मीटरवर असेल आणि ६० टक्के किंवा त्याहून जास्त वीज घरासाठी जात असेल, तर संपूर्ण बिलावर ५ टक्के. त्यासाठी सप्लायरकडून व्हॅटचा फॉर्म मागवून भरून द्यावा लागतो. व्हॅट नोंदणी असलेल्यांना तो परत मिळवता येतो, पण नोंदणी नसलेल्या लहान दुकानाच्या खिशातून हा पैसा कायमचा जातो. चुकून जास्त भरला असेल तर चार वर्षांपर्यंत मागे जाऊन मागता येतो.

११. बिनसलं तर

सप्लायरकडे लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक घ्या. आठ आठवड्यांत सुटली नाही, किंवा त्याआधीच ‘आम्हाला यापुढे काही करता येणार नाही’ असं पत्र आलं, तर एनर्जी ओंबड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा. तुम्हाला एक पैसाही खर्च येत नाही. आधी हे दार फक्त मायक्रोबिझनेसला होतं, डिसेंबर २०२४ पासून ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या लहान व्यवसायांनाही खुलं झालं आहे. इंग्रजीत पत्र लिहायला अवघड वाटत असेल तर सिटिझन्स अॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेची मदत मिळते.

मायक्रोबिझनेसला आणखी एक संरक्षण आहे. सप्लायरच्या चुकीमुळे बिल द्यायचं राहिलं असेल तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे मागता येत नाहीत. गेल्या वर्षी ओळखीच्या एका ताईंच्या दुकानाला दोन वर्षांचं एकत्रित बिल आलं. त्यांनी हप्ते बांधून घ्यायची तयारी केली होती. आम्ही त्यांच्या मीटरचे जुने फोटो लावून एक पानाचं पत्र लिहिलं, त्यात बारा महिन्यांच्या नियमाचा उल्लेख केला आणि आधीची सगळी रक्कम वगळायला सांगितलं. पाच आठवड्यांनी सुधारित बिल आलं.